गुलाल उडाला की लाइव्ह का फुटतं? आणि एफएफएमपेगचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की व्हिडिओच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर प्रश्नांचा ढीग लागला. निम्म्या लोकांचा सूर एकच, "ताई, एक कमांड द्या, बाकी काही नको." एफएफएमपेग हे कमांड टाइप करून चालवायचं व्हिडिओचं सॉफ्टवेअर, तशा कमांड नेटवर शंभर सापडतात हो, पण तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते माहीत नसेल तर त्यातली कुठलीच चालत नाही. म्हणून आत काय चाललंय ते थोडं सांगणारच, कंटाळा आला तर पुढच्या प्रश्नावर उडी मारा.

प्रश्न (मंडळाचा कार्यकर्ता, कोल्हापूर): ताई, आम्ही मिरवणुकीचं लाइव्ह ओबीएस सॉफ्टवेअरवरून करतो. आरतीला चित्र एकदम क्लिअर, पण ढोल सुरू झाले, गुलाल उडाला की सगळे चौकोन चौकोन. नेट बरं आहे. नवा कॅमेरा घ्यावा काय?

कॅमेऱ्याला हात लावू नका, मंडळाचे पैसे वाचवा. हिशोब बघा, १०८० चं चित्र सेकंदाला २५ फ्रेमने कॉम्प्रेस न करता पाठवायचं म्हटलं तर ६२० मेगाबिटच्या वर लागतात, आणि तुम्ही पाठवत असाल ४ मेगाबिट, म्हणजे दीडशेपट कमी. हे जमतं कशामुळे, तर एन्कोडर (चित्र कॉम्प्रेस करणारा भाग) मागच्या फ्रेममधला तुकडा शोधतो आणि "हा तिथून उचल, एवढा सरकव" एवढंच लिहितो. आरतीत मूर्ती जागेवर, मागचा पडदा जागेवर, नवीन लिहायला फारसं काही नसतं. गुलालात प्रत्येक कण वेगळीकडे जातो, वर शंभर हात हलतायत, मागच्या फ्रेममध्ये मिळतंजुळतं काही सापडतच नाही आणि ४ मेगाबिटात सगळं नव्याने मावत नाही, मग तो बारीक तपशील टाकून देतो आणि तुम्हाला चौकोन दिसतात.

मिरवणुकीला १०८० चा हट्ट सोडा, ७२० वर या, त्याच बिटरेटमध्ये (सेकंदाला तेवढ्याच मेगाबिटात) चित्र बरंच सुधारेल. ओबीएसमध्ये एक्स२६४ या एन्कोडरचा प्रीसेट (वेग आणि मेहनतीची तयार सेटिंग) बहुतेक व्हेरीफास्टवर असेल, तो मीडियमला नेला तर एन्कोडर जास्त शोधाशोध करतो पण लॅपटॉप तापतो आणि फ्रेम गळायला लागतात, ते जास्त वाईट. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा हार्डवेअर एन्कोडर लावा, प्रोसेसर मोकळा होईल. कीफ्रेम इंटरव्हल (दर किती वेळाने अख्खं चित्र नव्याने लिहायचं ते) २ सेकंद ठेवा, ऑटोवर सोडू नका. बिटरेट मोजून आलेल्या अपलोड स्पीडच्या निम्माच धरा, कारण सकाळी मोकळ्या चौकात मोजलेला मोबाइलचा स्पीड संध्याकाळच्या गर्दीत राहत नाही, जमलं तर शेजारच्या दुकानातून केबल ओढा.

आणि सोबत रेकॉर्डिंग करत असाल तर एमकेव्ही या फाइल प्रकारात करा. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मध्येच लाइट गेली की अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्हीचं तिथपर्यंतचं तरी वाचतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूत रिमक्स आहे, मिनिटाभरात एमपी४ होते, क्वालिटी तीळभर कमी होत नाही कारण त्यात एन्कोडिंग होतच नाही, नुसता डबा बदलतो.

प्रश्न (नाशिक): व्हीएलसीवर सरकारने बंदी घातली होती म्हणे, मग वापरावं की नाही?

वापरा. सॉफ्टवेअर वापरू नका असा आदेश नव्हता, २०२२ मध्ये काही महिने व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरची वेबसाइट भारतात ब्लॉक होती, डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये साइट परत उघडली. ज्यांच्याकडे प्लेयर होता त्यांचा त्या काळातही चालूच होता. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम आहे हे, २००१ पासून सोर्स सगळा उघडा. फक्त डाउनलोड त्यांच्या मूळ साइटवरूनच करा, भलत्या साइटवरून नको.

प्रश्न (शॉर्ट फिल्मवाले, ठाणे): एफएफएमपेगने मराठी सबटायटल व्हिडिओत छापले तर "स्थिती" चं पार वाटोळं होतं, वेलांटी उजवीकडे जाते, जोडाक्षर तुटतं. इंग्रजी बरोबर येतं. आपल्या भाषेला सपोर्टच नाही का?

आहे, आणि चांगला आहे, तुमच्या हातातला बिल्ड (कोडपासून तयार केलेली प्रत) अर्धवट दिसतोय. देवनागरीत अक्षरं एकामागोमाग चिकटवून भागत नाही, पहिली वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी, स आणि थ जोडायचे असतात, हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. सबटायटल छापणारी लिबॅस तिचीच मदत घेते. तेव्हा आधी तुमच्या एफएफएमपेगचं व्हर्जन छापून बघा, वरच्या कॉन्फिगरेशनच्या लांबलचक ओळीत लिबॅस आहे का शोधा, नसेल तर दुसरा बिल्ड घ्या. एएसएस (सबटायटलचा एक प्रकार) फाइल वापरत असाल तर एएसएस फिल्टरमध्ये शेपिंग नावाचा पर्याय असतो तो कॉम्प्लेक्सवर ठेवा. ड्रॉटेक्स्ट फिल्टरने नावं टाकत असाल तर तिथेच गोची असणार, जुन्या ड्रॉटेक्स्टला हार्फबझ माहीतच नव्हता, नव्यात आहे.

बाकी दोन नेहमीचे घोळ. फॉन्टमध्ये देवनागरी असायला पाहिजे, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी नाव घेऊन सांगा, नाहीतर नुसते डबे दिसतील. आणि सबटायटल फाइल युनिकोड यूटीएफ-८ मध्ये पाहिजे. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून आणलेली फाइल असेल तर ती मुळात मराठी नसतेच, आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो, ती आधी कन्व्हर्टरमधून काढा.

प्रश्न (स्टार्टअप, पुणे): आमच्या ॲपमध्ये एफएफएमपेग टाकलंय. फुकट आहे ना? कुणी म्हणतं आमचाही कोड उघडा करावा लागेल.

फुकट आहे, पण अटी आहेत, आणि त्या तुम्ही कुठला बिल्ड उचललात त्यावर ठरतात. एफएफएमपेग मूळचं एलजीपीएल या सौम्य अटींच्या लायसन्सखाली. लायब्ररी डायनॅमिक लिंक करायची (वेगळी फाइल ठेवून जोडायची), वापरलेल्या नेमक्या व्हर्जनचा सोर्स द्यायचा, ॲपमध्ये उल्लेख करायचा, मग तुमचा कोड तुमच्यापाशी राहतो. पण बिल्ड करताना जीपीएलचा (कडक अटींच्या लायसन्सचा) पर्याय चालू केला, एक्स२६४ किंवा एक्स२६५ हा एन्कोडर जोडला, की ते सगळं जीपीएल होतं आणि ॲप वाटलंत की तुमचा कोडही त्यात ओढला जातो. नेटवरचे तयार "फुल" बिल्ड बहुतेक असेच असतात आणि लोक न बघता उचलतात. एक्स२६४ चं पैसे भरून वेगळं लायसन्स मिळतं, नाहीतर फोनचाच हार्डवेअर एन्कोडर वापरा किंवा सिस्कोचं ओपनएच२६४ बघा, ते बीएसडी या मोकळ्या लायसन्सखाली आहे. फ्रॉनहोफरचा एएसी (आवाजाचा) एन्कोडर जीपीएलच्या बिल्डमध्ये घातलात तर ते पॅकेज दुसऱ्याला देताच येत नाही, बिल्डची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतःच तसं बजावते.

हे सगळं ॲप वाटण्याबद्दल झालं. तुमच्याच सर्व्हरवर जीपीएलचं एफएफएमपेग चालवून ग्राहकाला फक्त व्हिडिओ देत असाल तर सोर्स द्यायची सक्ती नाही. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटची पेटंट हा अजून वेगळा विषय, कोडचं लायसन्स मिळालं म्हणजे पेटंट सुटलं असं नसतं, त्यासाठी वकिलाकडेच जा. एव्ही१ हा २०१८ मध्ये आलेला फॉरमॅट रॉयल्टी नको म्हणूनच मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन काढला.

प्रश्न (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष, सांगली): ताई, मला एफएफएमपेगमध्ये काँट्रिब्यूट करायचंय. सी येतं. नवीन कोडेक लिहू का? सुरुवात कुठून करू कळत नाही.

नवीन कोडेकचा (व्हिडिओ दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीचा) विचार आत्ता गुंडाळून ठेव. कोडेक ठरवायला कंपन्यांची पथकं वर्षानुवर्षं बसतात आणि एफएफएमपेगमध्ये आधीच इतके आहेत की नव्वद सालच्या गेममधले व्हिडिओही त्यात चालतात. तिथे माणसं कमी पडतात ती भलत्याच कामांना, कुणाच्या तरी जुन्या फोनची फाइल उलटी दिसते, कुठला तरी ऑडिओ अर्धा सेकंद मागे पडतो, असल्या गोष्टींना. हे करणारं कुणी लागतं आणि त्यातूनच माणूस तयार होतो.

लिनक्सवर सोर्स घे, नॅझम हा असेंब्लर टाक (नाहीतर कॉन्फिगर तिथेच अडून बसतं, कारण वेगाचं सगळं काम असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या भाषेत, आहे), बिल्ड कर. मग फेट चालव. फेट म्हणजे त्यांची टेस्टची यंत्रणा, सॅम्पल फाइलींचा मोठा गठ्ठा उतरवायचा, प्रत्येक फाइल डीकोड होते आणि उत्तर आधी लिहून ठेवलेल्या चेकसमशी (डेटावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याशी) ताडून बघितलं जातं, एका बिटचा फरक पडला तरी टेस्ट नापास. तुझा कोड कितीही हुशार असू दे, फेट मोडलं की कुणी बघत नाही.

त्यानंतर त्यांच्या बग ट्रॅकरवर जा, जुनी उघडी तिकिटं बघ आणि एखादं तुझ्या मशीनवर जसंच्या तसं घडवून आणता येतं का बघ. पूर्वी चालत होतं आणि आता मोडलं असेल तर गिट बायसेक्ट लाव, कुठल्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) मोडलं ते सापडेल. एवढंच तिकिटावर लिहिलंस, पूर्ण आउटपुट न कापता आणि सॅम्पल फाइलसकट, तरी ते खरं काँट्रिब्यूशन आहे. "माझा व्हिडिओ चालत नाही" लिहून गायब होणारे ढिगाने असतात, फाइल देणारा विरळा.

पॅच (कोडमधला बदल) पाठवशील तेव्हा एका पॅचमध्ये एकच बदल. बग दुरुस्त करता करता आजूबाजूच्या स्पेस सरळ केल्या, एखाद्या व्हेरिएबलचं नाव बदललं, असलं काही नको, परत येईल. चारदा परत येईल, कधी उत्तर तुटक असेल, मनाला लावून घेऊ नकोस, तिथे सगळ्यांशीच तसं बोलतात. २०२५ पासून त्यांनी स्वतःच्या फोर्जेओ (कोड ठेवायचं वेब सॉफ्टवेअर) सर्व्हरवर पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती) घ्यायला सुरुवात केलीय, त्यामुळे तुमच्या पिढीला आता ईमेलने पॅच पाठवायची कसरत करायलाच हवी असं नाही.

असेंब्लीची आवड असेल तर तिथे मात्र मैदान मोकळं आहे. एफएफएमपेगवाल्यांनीच असेंब्लीचे धडे लिहून ठेवलेत, सी मधले पॉइंटर आणि शाळेतलं गणित एवढ्यावर सुरू करता येतात. चेकअॅझम नावाचं टूल सी मधलं फंक्शन आणि तुझं असेंब्लीतलं फंक्शन दोन्ही तीच आकडेमोड करून ताडून बघतं आणि किती पट वेगवान झालं ते सांगतं, त्यामुळे तुझं काम बरोबर आहे की नाही यावर वाद घालायला जागाच उरत नाही, नवख्याला हे फार बरं. व्हीएलसीवाल्या व्हिडिओलॅनचं डेव्ह१डी नावाचं एव्ही१ चं डीकोडर बघ, एवढं वेगवान आहे ते हाताने लिहिलेल्या असेंब्लीमुळे.

पैशाचं विचारलं नाहीस पण घरचे विचारतील. गुगल समर ऑफ कोडमध्ये (ओपन सोर्सचं काम करणाऱ्या नवख्यांना पैसे देणारा गुगलचा उपक्रम) हे प्रोजेक्ट बऱ्याचदा असतात, त्याचा अर्ज करायच्या आधी दोनचार छोटे पॅच आत गेलेले असले तर फरक पडतो. आणि स्ट्रीमिंगच्या कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्याला सर्टिफिकेटपेक्षा तुझ्या नावाचे कमिट जास्त कळतात. एक सांगून ठेवते, आतलं राजकारणही असतं, २०११ मध्ये याच प्रोजेक्टचे दोन तुकडे झाले होते, लिबॅव्ह वेगळं निघालं, डेबियनसुद्धा तिकडे गेलं आणि २०१५ मध्ये परत आलं. जुनी भांडणं वाचण्यात रात्री घालवू नकोस, फेट चालव.

प्रश्न (न्यू जर्सी): आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट भारतातून आणलीय. इथे फाइल करून घेतली तर हलताना आडव्या रेघा दिसतात. कॅसेट खराब झाली का?

कॅसेट ठीक असावी, ते इंटरलेसिंग आहे, म्हणजे एका फ्रेमच्या एकाआड एक ओळी दोन फील्डमध्ये वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. भारतातली कॅसेट पाल या टीव्ही पद्धतीची, तेव्हा आधी बघा की ज्याने फाइल केली त्याच्याकडे मल्टिसिस्टम व्हीसीआर होता ना, फाइल ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेमची असेल तर होता. ४८० दिसलं तर वाटेत अमेरिकन पद्धतीत बदल झालाय, परत करून घ्या. मग एफएफएमपेगमध्ये रेघा काढणारा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावा, प्रत्येक फील्डची एक फ्रेम काढायला सांगा म्हणजे ५० फ्रेम होतील आणि वरातीतला नाच गुळगुळीत दिसेल. एक्स२६४ ला सीआरएफ (क्वालिटीचा आकडा) १८ द्या, चित्र ४ः३ च ठेवा, रुंद करू नका, सगळे जाडे दिसतात. मूळ कॅप्चर केलेली फाइल मात्र डिलीट करू नका, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.