सोलापुरात नळाचं पाणी कुठून येतं, ते किती जड आहे आणि घरी कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन आलात, वर्षात गीझरची कॉइल गेली आणि आर.ओ.वाला घरी येऊन नळाचं पाणी 'विषारी' ठरवून गेला. माझा संशय आधी तुमच्या सोसायटीच्या टाकीवर आहे. इथे नळ रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअर चालू होतो आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. गीझरला जातं ते हे मिसळलेलं. बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, आणि तेच क्षार तापल्यावर कॉइलवर बसतात.

शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळतं. एक उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटर पाइपलाइनने. ते पाकणीला शुद्ध होतं. दुसरंही उजनीचंच, पण भीमेच्या पात्रातून सोडलेलं. ते औज बंधाऱ्यात अडवतात, टाकळीहून उचलतात आणि सोरेगावला शुद्ध करतात. तिसरा हिप्परग्याचा, म्हणजे एकरुख तलाव, १८७१ चा. पुण्याची मुळा-मुठा शेवटी उजनीतच येते, पण हा विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत. तुमच्या भागात कुठलं पाणी येतं ते पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारा, त्याला तोंडपाठ असतं.

आता तपासणी. पाण्याच्या दिवशी टाकीच्या आधीच्या नळाचं पाणी एका बाटलीत घ्या, बोअरचं दुसऱ्या आणि जारचं तिसऱ्या. अर्धी अर्धी बाटली पुरे. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. डिटर्जंट नको, त्याचा फेस जड पाण्यातही होतो. बोअरच्या बाटलीत फेसाऐवजी दह्यासारखी साय आली, की जडपणा डोळ्यांनी दिसतो. आकडा हवा असेल तर हार्डनेस किट घ्या. किटमधल्या रंगाने लालसर झालेल्या पाण्यात दुसरं द्रावण टाकत जायचं आणि ते निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. आमच्याकडे बोअरच्या पाण्याला नळाच्या जवळजवळ तिप्पट थेंब लागले. तूरडाळ का शिजत नव्हती ते त्या दिवशी कळलं! भारतीय मानकात जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

टी.डी.एस. मीटरवर जडपणा कळत नाही. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही आलं. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. चार दिवस साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं, म्हणून पिण्याचं पाणी उकळाच.

आर.ओ.वाल्याने दोन ग्लासांत विजेच्या सळ्या बुडवून तुमचं पाणी तपकिरी करून दाखवलं असेल. तो रंग बहुतेक सळीच्या लोखंडाचा असतो. क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटतं. तो परत आला, तर त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लावा सळ्या. आमच्याकडे आलेल्याने सामान आवरलं, चहासुद्धा घेतला नाही.