बाखचं शाकोन (एकट्या व्हायोलिनसाठीच्या डी मायनर पार्टिटा क्र. 2 मधला शेवटचा भाग) : आधी कोणाचं रेकॉर्डिंग ऐकावं, हायफेट्झचं की हल्लीचं बरोक व्हायोलिनवरचं?

हायफेट्झपासून सुरुवात करू नका. 1952 चं ते रेकॉर्डिंग अफाट आहे, पण ते ऐकून माणूस हायफेट्झच्या प्रेमात पडतो आणि बाख राहून जातो. आधी आर्थर ग्रुमिओ ऐका, 1960-61 मधला. त्याच्या पाठोपाठ बरोक (बाखच्या काळच्या घडणीच्या) व्हायोलिनवर रेचल पॉजर. बस.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "बायको गेल्याच्या दुःखात बाखने हे रचलं, तर ते दुःख कोणाच्या वादनात जास्त उतरलंय?" खरं तर या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय.

माझे एक साडू आहेत, ठाण्याला असतात. त्यांच्या स्पीकरची किंमत ते स्वतःच सांगतात. एका दिवाळीत फराळाला सगळे जमलेले असताना त्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि गोष्ट सुरू केली : 1720 च्या जुलैमध्ये बाख केटनच्या प्रिन्स लिओपोल्डबरोबर कार्ल्सबादला गेला होता, परत येतो तर बायको मारिया बार्बारा गेलेली, दफनसुद्धा उरकलेलं. इथवर सगळं खरं आहे. पुढे साडू म्हणाले, "आणि मग त्याने हे लिहिलं." लावलं हिलरी हानचं, जवळपास 18 मिनिटांचं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. चकली हातात धरून सगळे गप्प. संपल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं की अहो, पण हा मुळात नाच आहे. त्यावर मला "तुम्हाला नोटेशन कळतं, संगीत नाही" हे सगळ्यांदेखत ऐकावं लागलं. मी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकलोय, ते स्वतः काही वाजवत नाहीत, पण असो. तेव्हापासून प्रत्येक मुंजीत, बारशात हा विषय निघतो.

तर पुरावा बघा. एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांचं बाखच्या हातचं हस्तलिखित आहे, त्यावर 1720 हे साल आहे, महिना नाही. शिवाय ती पक्की, सुवाच्य प्रत आहे, कच्चा खर्डा नव्हे. म्हणजे त्यातल्या सहाही रचना आधी कधीही झालेल्या असू शकतात. हेल्गा टोएने या जर्मन अभ्यासिकेने शाकोनमध्ये मृत्यूविषयीच्या कोरालचे (चर्चमधल्या भक्तिगीतांचे) सूर दडलेत असं मांडलं, त्यावर 2001 मध्ये 'मोरिमुर' नावाची सीडीही निघाली. साडूंकडे आहेच. माझं मत विचाराल तर डी मायनरमध्ये चार-चार बारांचा (एकेक बार तीन मात्रांचा) उतरता खर्ज एवढा वेळ फिरवत ठेवला, की शोधणाऱ्याला हवं ते कोराल त्यात सापडणारच.

पार्टिटा म्हणजे नाचांची मालिका, तिचा क्रम बघा : आलमांद, कूरांत, साराबांद, जीग. चारही नाच, आणि पाचवं शाकोन, तीन मात्रांचं. ते सुरूच होतं दुसऱ्या मात्रेवर, आणि वजनही तिथेच पडतं. माझे सर गोव्याचे. शिकवताना ते पेन्सिलीने स्टँडवर फक्त ती दुसरी मात्रा ठोकायचे, पहिली नाही. मला साराबांदच्या पुढे त्यांनी जाऊ दिलं नाही, पण ती ठोक डोक्यातून जात नाही. आता अतिविलंबित शाकोन लावा आणि दुसरी मात्रा हाताने देऊन बघा. दोन ओळींत हात थांबतो. पॉजर किंवा इझाबेल फाउस्टबरोबर थांबत नाही.

तुलना करायचीच असेल तर 89 व्या बारपासूनचा भाग पकडा. तिथे बाखने थोडंसं उदाहरण दिल्यासारखं लिहून पुढे नुसते कॉर्ड (एकत्र लिहिलेले सूर) मांडलेत आणि वर 'आर्पेजिओ' (म्हणजे ते मोडून एकामागून एक वाजवा) एवढाच शब्द. ते कसे मोडायचे, कुठे चढवायचे, हे वादकाने ठरवायचं. प्रत्येकाची अक्कल इथे उघडी पडते. कोणी एकच नमुना धरून दळण दळतो, कोणी हळूहळू दाटी वाढवत नेतो. मिल्स्टाइनचं 1973 चं आणि सिगिस्वाल्ड क्यूकेनचं 1981 चं पाठोपाठ ऐका, एकच पान वाजतंय यावर विश्वास बसणार नाही. बरोकवाल्यांचा सूर मात्र साधारण अर्धा स्वर खाली असतो, कारण ते ए हा सूर 415 हर्ट्झला लावतात. तुमच्या प्लेअरमध्ये बिघाड नाही.

व्हायब्रॅटो (सुराला दिलेला कंप) असावा की नसावा, या भांडणात मी पडत नाही. ग्रुमिओचा आहे आणि मला चालतो.

आता साडूंच्या बाजूचंही थोडं. हानचं वादन वाईट मुळीच नाही. तेव्हा ती जेमतेम 17 वर्षांची होती, आणि इतके स्वच्छ कॉर्ड भल्याभल्यांना जमत नाहीत. रडगाण्याची गोष्ट तिने चिकटवलेली नाही, ती आमच्याकडची. आणि बाखला दुःख झालं नसेल असं मी कधीच म्हटलेलं नाही, हे त्यांनाही माहीत आहे. संगीतकार ब्राम्सने 1877 मध्ये पियानोवादक क्लारा शूमनला शाकोनबद्दल लिहिलं की असं काही मला सुचलं असतं तर मी वेडाच झालो असतो, आणि ते एकट्या डाव्या हाताने पियानोवर वाजवण्यासाठी बसवलंही. त्याला हलवायला कार्ल्सबादची गोष्ट लागली नाही.

साडूंना हे कोणी पाठवणार असाल, आणि आमच्या ग्रुपवर तसे दोघंतिघं आहेत, तर मधला मेजर (उजळ सुरावटीचा) भाग ऐकायला सांगा. तिथे एकाच सुरावर तीन-तीनदा ठोके पडतात, चौघडा झडल्यासारखे. बायकोच्या शोकात चौघडा कशाला, एवढं फक्त त्यांनी मला सांगावं.