बायकोला न सांगता कर्ज फेडायचे आहे: कायदा कुठवर साथ देतो?

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, खासगी नोकरीत आहे. पगार ६८,००० रुपये. दोन क्रेडिट कार्डांची मिळून २ लाख थकबाकी, बँकेचे वैयक्तिक कर्ज ४ लाख ८० हजार, मोबाइल अॅपवरून घेतलेले ६० हजार आणि एका ओळखीच्या गृहस्थांकडून महिना ५ टक्के व्याजाने घेतलेले दीड लाख, अशी ८ लाख ९० हजारांची देणी आहेत. त्या गृहस्थांना १४ महिने फक्त व्याज दिले आहे. माझ्या सहीचे दोन कोरे चेक त्यांच्याकडे आहेत. घर दोघांच्या नावावर असून गृहकर्जात पत्नी सहकर्जदार आहे. बाकीच्या कर्जांबद्दल तिला काहीच माहीत नाही. तिला न कळता हे फेडता येईल का? बँक तिला कळवू शकते का, तिच्याकडून वसुली होईल का? लॉकरमधले तिचे दागिने काही महिने गहाण ठेवावेत असे मनात आहे. एक एजंट म्हणतो, गृहकर्जावर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घ्या, पत्नीच्या फोनवर येणारा ओटीपी टाकला की काम होते.

उत्तर: शेवटच्या दोन गोष्टींबद्दल आधी सांगतो, कारण त्या हातून घडल्या तर पुढच्या सल्ल्याला फारसा अर्थ राहणार नाही. दागिन्यांना हात लावू नका आणि तो ओटीपी टाकू नका. आज तुमच्यावर आहे ती दिवाणी स्वरूपाची देणेदारी आहे. या दोनपैकी एकही गोष्ट केलीत की तिचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि तक्रारदार तुमची पत्नी किंवा तुमची बँक असेल.

लग्नात आणि त्यानंतर तिला माहेरहून, सासरहून किंवा तुमच्याकडून भेट मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन आहे. लॉकर दोघांच्या नावावर आहे म्हणून मालकी दोघांची होत नाही. नवऱ्याने स्त्रीधन अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरले तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्येच स्पष्ट केले. भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३१६ मध्ये आहे. २०२४ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने पत्नीच्या सोन्याच्या बदल्यात नवऱ्याला २५ लाख रुपये द्यायला लावले. शिवाय कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ नुसार स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट हा आर्थिक छळ आहे. ‘काही महिन्यांत सोडवून आणतो’ हा बचाव व्यवहारात टिकत नाही. सोनेतारण घेताना सोने स्वतःच्या मालकीचे असल्याचे लिहून द्यावे लागते, तिथेच खोटे विधान होते. आणि हप्ते चुकले की दागिने लिलावात जातात.

ओटीपीचे प्रकरण त्याहून वाईट. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. एजंटाचे यात काही जात नाही, त्याला कमिशन मिळते. अर्जावर नाव तुमचे आणि फोन तुमच्या घरातला. हा मार्ग पैशाच्या हिशेबातही तोट्याचा आहे. तुमची आजची चारही कर्जे विनातारण आहेत. टॉप-अप घेतलेत की तेच पैसे घरावर बसतात. मग ९० दिवस हप्ते थकले की खाते एनपीए (थकीत कर्ज) ठरते, बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस काढते आणि दिवाणी दावा न लावताच घराचा ताबा मागू शकते. ती नोटीस सहकर्जदार म्हणून पत्नीच्या नावेही येते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कर्ज घेतल्याचे जोडीदाराला सांगितलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. नुसते गप्प राहणे हा गुन्हा नाही. तुम्ही एकट्याने सही केलेल्या कर्जाची जबाबदारीही पत्नीवर येत नाही. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच देणे लागते. तुमच्या बाबतीत ते फक्त गृहकर्जापुरते आहे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर वारसांची जबाबदारी तुमच्याकडून त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मात्र त्या मालमत्तेत घरातला तुमचा हिस्साही येतो, हे विसरू नका. चेक संयुक्त खात्याचा असला तरी ज्याची सही त्याच्यावरच खटला, असे सर्वोच्च न्यायालयाने अपर्णा शहा प्रकरणात २०१३ साली ठरवले आहे.

बँकेला ग्राहकाच्या खात्याबाबत गुप्तता पाळावी लागते. वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, घरच्यांच्या खासगीपणात घुसू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. तरीही एक गोष्ट आजच तपासा. कर्जाच्या अर्जात ‘पर्यायी क्रमांक’ किंवा ‘संदर्भ व्यक्ती’ म्हणून तुम्ही पत्नीचा नंबर लिहिला होता का? पुष्कळांनी लिहिलेला असतो. तुमचा फोन लागला नाही की पहिला फोन तिथेच जातो.

पण गुप्ततेचे हे संरक्षण वसुली कोर्टात पोचेपर्यंतच आहे. पुढची प्रत्येक पायरी तुमच्या दारात येते. दिवाणी दाव्याचे समन्स तुम्ही घरी सापडत नसाल तर तुमच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीला देता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ मध्ये तशी तरतूद आहे. फौजदारी समन्सबाबत जुन्या संहितेत ‘सज्ञान पुरुष सदस्य’ असे शब्द होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ मधून ‘पुरुष’ हा शब्द गेला. म्हणजे चेक न वटल्याच्या खटल्याचे समन्स आता कायदेशीररीत्या थेट तुमच्या पत्नीच्या हातात दिले जाऊ शकते. पत्रव्यवहाराचा पत्ता ऑफिसचा करून घेतलात तर स्टेटमेंटे तिकडे जातील, समन्स तिथेच जाईल याची खात्री नाही. आणि रजिस्टर्ड पोस्ट नाकारून काही साधत नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली आणि नाकारलेली नोटीस मिळाली असेच धरले जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की शेवटपर्यंत लपवून फेडण्याचा बेत सोडा. तुमच्या हातात काही आठवडे आहेत, ते कर्ज आटोक्यात आणायला वापरा आणि कोर्टाचा माणूस सांगण्याआधी तुम्ही सांगा.

सर्वांत जास्त धोका त्या दोन कोऱ्या चेकचा आहे. चेक कोरा होता, रक्कम मी लिहिली नाही, हा बचाव पुरेसा नाही. सही मान्य असेल तर चेक कर्जापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो आणि उलटे सिद्ध करणे तुमच्यावर येते. बीर सिंग प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात त्याने तक्रार करायची, असा हा क्रम आहे. त्या १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. न भरल्यास चेकविषयीच्या परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. ‘स्टॉप पेमेंट’ करून यातून सुटका होत नाही.

मात्र तुमच्या बाजूनेही मुद्दे आहेत. १४ महिने दरमहा ७,५०० म्हणजे १ लाख ५ हजार रुपये तुम्ही दिले आहेत. त्याचे यूपीआय आणि बँक उतारे आजच काढून ठेवा. रोख दिले असेल तर त्याबद्दलचे व्हॉट्सअॅप संदेश जपा. हे गृहस्थ व्याजाने पैसे देण्याचा धंदा करत असतील तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे त्यांना परवाना हवा. परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्ट हुकूमनामा (वसुलीचा निकाल) देत नाही, आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज परवानाधारकालाही वसूल करता येत नाही. तुमची ती मर्यादा आणखी ६ महिन्यांत गाठली जाते. परवान्याची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करा. पण एखाद्याने ओळखीखातर एकदाच उसने दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे, तेव्हा चौकशीआधी पोलिसांची भाषा करू नका. मुद्दल हप्त्याने फेडण्याचा लेखी प्रस्ताव द्या आणि दोन्ही चेक परत मिळण्याची अट त्यातच घाला. हे पत्र वकिलाकडून तपासून घ्या. देणे मान्य केल्याचे सहीचे पत्र मुदतीत दिले तर ३ वर्षांची वसुलीची मुदत नव्याने सुरू होते.

अॅपवाल्यांचे देणे रकमेने लहान असले तरी गुपित फुटण्याची भीती तिथेच जास्त, कारण फोनमधल्या नंबरांवर संदेश जातात. कर्ज देणाऱ्या अॅपला तुमची संपर्क यादी, फोटो वा कॉलची नोंद पाहण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या परवानग्या काढा. मग अॅपमागे कोणती एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) आहे ते करारात पाहा. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन विनामूल्य तक्रार करा. एनबीएफसीचे नावच सापडत नसेल किंवा बनावट फोटोंची धमकी आली, तर थेट सायबर पोलिसांकडे जा.

पैसे कुणाला आधी द्यायचे? गृहकर्जाचा हप्ता सर्वांत आधी, कारण त्यात घर आहे आणि पत्नीचे नाव आहे. तो थकला की नोंद तिच्याही क्रेडिट अहवालात होते. एरवी तुमच्या एकट्याच्या थकबाकीची नोंद तिच्या अहवालात येत नाही. त्यानंतर चेकवाले गृहस्थ, मग अॅप, मग कार्ड. कार्डावर किमान रक्कम भरत राहणे म्हणजे फेडणे नव्हे. २ लाखांवर महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ७,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,२६०. किमान ५ टक्के, म्हणजे १०,००० भरले तरी मुद्दलातून फक्त १,७४० कमी होतात. कार्ड बंद करून थकबाकी ठराविक हप्त्यांत बदलून देण्याची लेखी मागणी करा.

वैयक्तिक कर्जाच्या बँकेकडे हप्ता बाउन्स होण्याआधी मुदतवाढ मागा. ऑटो-डेबिट पैशाअभावी परत गेले तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेकसारखाच खटला होऊ शकतो. तुमचा पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर ती तुमच्या एकट्याच्या खात्यातून थकबाकी वळती करू शकते, हेही ध्यानात घ्या. ‘सेटलमेंट’ हा पर्याय शेवटचा. क्रेडिट अहवालात ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि नवे कर्ज अवघड होते. करायचेच तर कर्ज खाते क्रमांक, रक्कम, तारखा आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेले बँकेचे पत्र आधी घ्या. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही.

पगारजप्तीची भीती घालणारे फोन येतील. फोनवरून पगार जप्त होत नाही. त्यासाठी हुकूमनामा आणि दरखास्त (तो अमलात आणण्याचा कोर्टातला अर्ज) लागते. तेव्हाही पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने सुरक्षित असतात. ६८,००० वर हिशेब केला तर जास्तीत जास्त सुमारे २२,३३३ रुपये जप्त होऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही.

पत्नी घटस्फोट मागेल का, ही भीती तुमच्या पत्रात शब्दांआड दिसते. कर्ज लपवले एवढे एकच कारण सहसा पुरत नाही. क्रौर्य झाले की नाही हे कोर्ट सगळे वर्तन पाहून ठरवते, आणि त्यात कर्जापेक्षा परस्पर वापरलेले दागिने व तिच्या नावाने केलेल्या सह्या जास्त जड जातात.

सांगायला बसाल तेव्हा चारही क्रेडिट माहिती कंपन्यांचे अहवाल समोर ठेवा, वर्षातून एकदा प्रत्येकीकडून तो मोफत मिळतो. गृहस्थांचे कर्ज त्यात नसेल, ते वेगळ्या कागदावर लिहा. आकडा तुकड्यातुकड्याने सांगू नका. दुसऱ्या खेपेला निघालेले कर्ज पहिल्यापेक्षा जास्त विश्वास मोडते. आणि त्याच दिवशी तिची कशावरही सही घेऊ नका. आज ती या देण्यातून कायद्याने पूर्ण बाहेर आहे. जामीनदार झाली की ते संरक्षण संपते. तिला मदत करायची असेल तर ती आधी स्वतंत्र सल्ला घेऊ दे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचे कार्यालय असते. तिने तिथे एकटीने जावे, तुम्ही सोबत बसू नये.