अमेरिकेत हॅलोविनला आणलेले छोटे भोपळे हिवाळाभर कसे टिकवावेत?

कोरलेले नसतील तर ‘जॅक बी लिटल’ या जातीसारखे मुठीएवढे भोपळे दोन-तीन महिने सहज टिकतात. देठ मात्र जपा. तो तुटला की तिथूनच कूज आत शिरते, म्हणून देठाला धरून भोपळा कधीच उचलू नका. 10 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच घालून पुसा (असे पुसलेले भोपळे नंतर शिजवू नका). देठाभोवतीच्या खळग्यात ओल साचते, तिथे कोरडं फडकं फिरवाच. मग 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या कोरड्या खोलीत, एकमेकांना न टेकवता, पुठ्ठ्यावर मांडा. फ्रीज अजिबात नको, तिथल्या गारठ्याने ते लवकर सडतात. सफरचंदांच्या टोपलीपासूनही लांब ठेवा. त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने भोपळे लवकर खराब होतात. अधूनमधून उलटून बूड दाबून बघा, मऊ लागेल तो लगेच बाजूला काढा.