अंदमानला आई-बाबा आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन सहा दिवस जातोय. गर्दीचे किनारे निवडावेत की निवांत?

तुम्ही लिहिलंय की एजंट राधानगर, एलिफंट बीच, भरतपूर असे नेहमीचे किनारे देतोय आणि तुम्हाला मात्र "जिथे कोणीच नाही" असा किनारा हवाय. आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा मीही अगदी हेच मागितलं होतं. सासूबाई आणि मुलगा बरोबर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वेळी हॅवलॉकच्या (आता स्वराज द्वीप) पूर्वेकडच्या विजयनगर किनाऱ्यालगत खोली घेतली. सकाळी बाहेर आलो तर चिटपाखरू नाही. पाण्यावर झुकलेली समुद्री महुआची झाडं, आणि ओल्या वाळूवर इवल्याशा खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी. मुलगा त्या गोळ्या मोडू नयेत म्हणून चवड्यांवर चालत होता. जेवून दुपारी पोहायला आलो तर समुद्र जागेवर नव्हता! ओहोटीने पाणी लांब गेलेलं, मध्ये नुसते खडक आणि मेलेलं प्रवाळ. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब आलोय, पाय तरी भिजवते." वीसेक पावलांवर त्यांचा तळवा कापला. प्रवाळाची जखम छोटी दिसते, पण बरी व्हायला वेळ घेते. किनाऱ्यावर मदतीला माणूस नाही, फोनला रेंज नाही. मुलाला त्यांच्याजवळ बसवून नवरा रस्त्यापर्यंत धावला आणि अर्ध्या तासाने रिक्षा मिळाली. पुढचे तीन दिवस त्या खोलीतून समुद्र बघत होत्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण तो किनारा निवडला होता मी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाण्यात उतरायचं ते माणसं आणि जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर. निवांत किनारा बसायला, चालायला, सूर्योदय बघायला. एकाच जागेकडून दोन्ही मागू नका.

आणि गर्दीचं म्हणाल तर तिथे ती जागेपेक्षा वेळेवर जास्त अवलंबून असते. हॅवलॉकवरचाच राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला, त्यामुळे सगळ्यांच्याच यादीत तो असतो. पण बहुतेक जण येतात ते सूर्यास्ताला. अंदमान इतकं पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेतीनपासून गाड्यांची रांग लागते. तुम्ही सकाळी सात-साडेसातला पोचा. तीच पांढरी वाळू, तेच पाणी, आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. दुसऱ्या खेपेला सासूबाई तिथे दोन तास गुडघाभर पाण्यात बसून होत्या, लाटा अंगावर घेत. त्यासाठी जेट्टीजवळ राहिलात तरी चालेल, अंतर दहा-बारा किलोमीटर आहे. फक्त रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

राधानगरच्या एका टोकाला नील्स कोव्ह म्हणून खाडीसारखी शांत जागा आहे. फोटोत बघून मोह होतोच. पण २०१० मध्ये तिथे स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, खाड्या आणि खारफुटीच्या आसपास विशेष. धास्ती घेऊ नका, पण जिथे पाटी लावली आहे आणि जिथे स्थानिक माणूस उतरत नाही, तिथे मुलीला उतरवू नका.

एलिफंट बीचला गोंगाट आहे, पण प्रवाळ अगदी काठाजवळ आहे, त्यामुळे मुलीला मासे दाखवायला ही जागा उत्तम. सकाळच्या पहिल्या बोटीने जा. आई-बाबांना चढ-उतार जमणार नसेल तर जंगलातल्या पायवाटेने जाऊ नका.

नीलला (शहीद द्वीप) मात्र दोन रात्री नक्की द्या. बहुतेक सहली ते दिवसभरात उरकतात आणि दुपारच्या बोटीने परततात. त्यानंतर बेट गावाचं होतं. तिथली नावंच बघा: रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही गावं, संध्याकाळी घराघरातून भाताचा आणि मासळीचा वास येतो. भरतपूर जेट्टीला लागून, उथळ. जेट स्कीचा आवाज असतो, पण काचेच्या तळाची बोट आहे, पोहता न येणाऱ्या आई-बाबांना प्रवाळ दिसेल. 'लक्ष्मणपूर दोन' नावाच्या किनाऱ्यावरची नैसर्गिक दगडी कमान ओहोटीतच बघता येते, आणि वाट खडकांची आहे. सीतापूरला पहाटे जा, नुसतं बसायला.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक निघण्याआधीच बघून ठेवा. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिथे जसंच्या तसं लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचं (श्री विजयपुरम) कोष्टक बघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सहाही दिवसांच्या वेळा लिहून घ्या आणि पोहण्याचे दोन दिवस त्यावरून ठरवा. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही.

आई-बाबांसाठी पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट इथूनच घेऊन जा. वाळूतल्या बारीक माश्या सकाळ-संध्याकाळ चावतात, तेव्हा मुलीला पूर्ण बाह्यांचे कपडे. आणि तिने शंख किंवा प्रवाळाचा तुकडा खिशात घातला तर तिथेच ठेवायला सांगा. प्रवाळ उचलून आणायला कायद्याने बंदी आहे, आणि त्या शंखांत बऱ्याचदा खेकडा राहत असतो. तो तळहातावर चालवून दाखवा, मग ती आपणहून सोडेल.