भाऊ पाच महिने आत आणि आजार एकाही कागदावर नाही

विट्याजवळच्या एका गावातून एका ताईंचा मेसेज आलाय. भाऊ ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया, मिरजेला आठ वर्षं ट्रीटमेंट चालू होती, मग बरा दिसायला लागला म्हणून घरच्यांनीच गोळ्या बंद केल्या. पुढं शेजाऱ्याच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला, हाड मोडलं, बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागचा कायदा) कलम ११८(२) लागलं, म्हणजे धोकादायक हत्यारानं गंभीर दुखापत. पाच महिने सांगलीच्या जेलमध्ये आहे, जामीन एकदा फेटाळलाय, चार्जशीट दाखल झालीय. त्याला जेलऐवजी एखाद्या निवासी केंद्रात ठेवता येईल का, अमेरिकेत कोर्ट असं पाठवतं असा व्हिडिओ बघितला, असं विचारलंय. असले मेसेज बरेच येतात, गाव आणि हत्यार तेवढं बदलतं, म्हणून इथंच सगळ्यांसाठी लिहितो.

ताई, अमेरिकेचं बाजूला ठेवा. फ्लोरिडात ब्रोवर्ड काउंटीत १९९७ ला मनोरुग्ण आरोपींसाठी वेगळं कोर्टच सुरू झालं हे खरंय, पण तेसुद्धा किरकोळ गुन्ह्यांसाठी. आपल्याकडे तसं वेगळं कोर्ट नाही. कलम मात्र आहे, आणि ते काही नवीन नाही. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) ३३०, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३६९. त्यात स्पष्ट लिहिलंय की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आरोपीला ॲडमिट करायची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र ओपीडीत नियमित उपचार करायची आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची हमी देत असेल तर त्याला जामिनावर सोडायचं. हमी नसेल किंवा कोर्टाला जामीन योग्य वाटत नसेल तर उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवायचं. आणि सोडता येत नसेल तर अशा लोकांसाठीच्या निवासी केंद्रात पाठवता येतं, 'निवासी केंद्र' हे कायद्यातच आहे, व्हिडिओ बघायची गरज नव्हती.

आता खरी गोम. ३६९ आपोआप लागत नाही. त्याची सुरुवातच अशी आहे की कलम ३६७ किंवा ३६८ खाली आरोपी स्वतःचा बचाव करायला असमर्थ आहे असं *आढळलं* तर. हे आढळायला कोर्टानं सायकियाट्रिस्टकडं पाठवायला लागतं, पाठवायला कोर्टाला तसं मानायला काही कारण दिसायला लागतं, आणि तुमच्या भावाच्या केसमध्ये ते कारण कोर्टासमोर आलेलंच नाही. पहिल्या रिमांडला तुम्ही तिथं होता, गप्प बसलात, कारण घरात पुतणीची सोयरीक चाललेली. लोक काय म्हणतील ह्यात पाच महिने गेले. त्यानंतरच्या तारखा सगळ्या व्हीसीवर, म्हणजे जेलमधून व्हिडिओ कॉलवर, स्क्रीनवर दहा सेकंद चेहरा दिसतो, नाव विचारलं तर तो नाव सांगतो, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) 'आरोपी व्हीसीद्वारे हजर' एवढी एक ओळ येते आणि पुढची तारीख पडते. तो आजारी आहे हे जजसाहेबांना स्वप्नात दिसणार आहे का?

आणि तुम्ही पाठवलेल्या जामीन अर्जाचा फोटो बघितला. परिच्छेद चारमध्ये लिहिलंय, 'अर्जदार हा शारीरिक व मानसिकदृष्ट्या सुदृढ असून कुटुंबाचा कर्ता आहे'. हे वाक्य टायपिस्टकडच्या जुन्या नमुन्यातलं आहे, सगळ्यांच्या अर्जात असतं, कुणी वाचत नाही, पण आता सरकारी वकील हेच वाक्य तुमच्या तोंडावर मारणार. सही करायच्या आधी अर्ज वाचायचा असतो हो. त्यामुळं नवीन अर्जासोबत तुमचं शपथपत्र लागेल, त्यात आजार केव्हापासून, गोळ्या कधी आणि का बंद झाल्या, आधी का सांगितलं नाही, हे खरं खरं लिहा. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, हेसुद्धा लिहा. कोर्टाला ते समजतं.

अर्ज ३६७ खाली करायचा, मागणी दोनच ठेवायच्या, आरोपीला प्रत्यक्ष हजर करा आणि सायकियाट्रिस्टकडून तपासणी करून घ्या. निवासी केंद्राची मागणी आत्ताच त्यात घुसवू नका, ती अहवालानंतर. आणि अहवालात नुसतं 'स्किझोफ्रेनिया आहे' एवढंच आलं तर त्याचा उपयोग नाही, कोर्ट म्हणेल आजार आहे तर जेलमध्ये औषधं द्या. प्रश्न हा आहे की केस काय चालू आहे हे त्याला समजतंय का, वकिलाला काही सांगू शकतो का. डॉक्टरांकडून ह्या प्रश्नाचं उत्तर यायला पाहिजे आणि ते तुमच्या वकिलांनी अर्जातच नेमकं विचारायचं. अहवाल पटला नाही तर मेडिकल बोर्डाकडं जाता येतं.

इथं लोक एक घोटाळा करतात. मारताना तो भानावर नव्हता हा वेगळा मुद्दा, तो बीएनएसच्या कलम २२ चा, खटल्याच्या शेवटी येतो आणि तो तुम्हालाच सिद्ध करायचा असतो. ३६७ मध्ये बघायचं ते आजची अवस्था. त्यावर सुटला तरी निर्दोष झाला असं नाही, केस थांबते, तो बरा झाला की परत चालू होते.

मिरजेचे केसपेपर सापडत नाहीत म्हणता. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २५ नं पेशंटला आपल्या रेकॉर्डवर हक्क आहे, लेखी अर्ज देऊन कॉपी मागा आणि अर्जाची पोच घ्या. पोच!

केंद्राचं म्हणाल तर कोर्ट तुमच्यासाठी जागा शोधत बसणार नाही. ठिकाण सुचवलं नाही तर बहुतेक सरकारी मनोरुग्णालय ठरलेलं. तुम्हाला हाफवे होमसारखं (दवाखाना आणि घर यांच्या मधलं, देखरेखीखाली राहायचं ठिकाण) काही पाहिजे असेल तर तिथली मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी आणि 'आम्ही ह्या पेशंटला घ्यायला तयार आहोत' असं लेटरहेडवरचं पत्र आधी हातात ठेवा. व्यसनमुक्तीवाल्यांचं पत्र आणू नका, मागं एकानं आणलेलं.

आता समजा जेलच्या गोळ्यांनी तो सुधारला आणि डॉक्टर म्हणाले बचाव करू शकतो, तर ३६९ गेलं. मग साध्या जामिनातच आजारी माणसासाठीचा जो अपवाद कलम ४८० मध्ये आहे तो धरून, केंद्रात राहण्याची अट स्वतःहून मान्य करून मागायचं. मिळेल का, ते जखमीची आत्ताची तब्येत आणि तो शेजारी किती विरोध करतो ह्यावर बरंचसं आहे, आणि अर्ज मॅजिस्ट्रेटपुढं की सेशनला हे तुमच्या वकिलांना ठरवू द्या. एक तृतीयांश शिक्षा भोगली की सुटतो असं कुणीतरी सांगितलंय ते विसरा, ११८(२) मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तिथं तो नियम लागत नाही.

३६७ चा अर्ज दिल्यावर 'से' साठी, म्हणजे सरकारी बाजूच्या लेखी म्हणण्यासाठी तारीख, मग सरकारी वकील रजेवर म्हणून तारीख, असं दोन महिने जाऊ शकतं, मी बघितलंय. प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः हजर रहा आणि रोजनाम्याची नक्कल काढत जा. फारच लांबलं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं बेंच कोल्हापूरला आहे, मुंबईचा हेलपाटा नाही.

गोळ्या मुलाखतीच्या वेळी हातात देता येतील का विचारलंय. नाही. चिठ्ठीची झेरॉक्स जोडून जेल अधीक्षकांना अर्ज द्या, एक कॉपी कोर्टात लावा, आणि हे सोमवारीच करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.