डेव्हिल्ड एग्ज : गावठी अंडी आणि कोकणातली दमट हवा

प्रश्न असा आहे: गुहागरजवळच्या होमस्टेत 20 पाहुण्यांना संध्याकाळी डेव्हिल्ड एग्ज द्यायचे आहेत, म्हणजे उकडलेली अंडी अर्धी करून, बलकात मेयोनीज-मोहरी कालवून ते सारण परत पांढऱ्याच्या वाट्यांत भरायचं. अंडी घरच्या कोंबड्यांची. सोलताना पांढरं टरफलासकट निघतं आणि ताट अंगणात पोहोचेपर्यंत सारण घसरतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी सोलण्याचं. अंडं ताजं आहे हाच त्याचा दोष. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे पीएच 8 च्या आतबाहेर राहतो आणि पांढरं आतल्या पापुद्र्याला धरूनच शिजतं. दिवस जातील तसा हा वायू टरफलाच्या छिद्रांतून निघून जातो, पीएच 9 च्या पुढे सरकतो आणि पकड सुटते. म्हणून सकाळी खुराड्यातून काढलेली अंडी रश्शाला वापरा. यासाठी 8-10 दिवस फ्रिजमध्ये ठेवलेलीच घ्या. टरफलावर पेन्सिलीने तारीख घालून ठेवली की घोळ होत नाही. पाण्यात टाकल्यावर तरंगणारं अंडं सरळ फेकून द्या.

उकडण्यापेक्षा मोदकपात्रात वाफवणं उत्तम. पाणी खळखळून वाफ आल्यावरच अंडी ठेवायची. गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवली की पापुद्रा पुन्हा चिकटतो. दुकानातल्या मोठ्या अंड्याला 12-13 मिनिटं, लहान गावठीला 10 पुरतात. जास्त वेळ ठेवलं तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते: पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती बनते. अपाय नाही, पण ताटात वाईट दिसते. बाहेर काढल्याबरोबर 10 मिनिटं बर्फाच्या पाण्यात. हा बर्फ घरच्या फ्रिजचा हवा. मासळीबाजारातला नको, तडकलेल्या टरफलातून ते पाणी आत शिरतं. सोलायला बोथट टोकाकडून सुरुवात करा, तिथे हवेची पोकळी असते.

12 अंड्यांचं प्रमाण: मेयोनीज 6 पोह्याचे चमचे, मोहरीची पेस्ट (बाटलीतलं मस्टर्ड) 2 छोटे चमचे, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस 2 छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, मिरपूड. अंडी लहान असतील तर मेयोनीज 4 चमच्यांपासून सुरू करून अंदाजाने वाढवा. बाजारातलं बिनअंड्याचं मेयोनीज बरंच गोड असतं. ते असेल तर 1 चमचा कमी घालून त्याऐवजी 1 चमचा मऊ लोणी घाला. लोण्यामुळे सारण फ्रिजमध्ये घट्ट बसतं, आपल्याकडे याचा फार उपयोग होतो. बलक आधी पुरणयंत्रातून किंवा तारेच्या चाळणीतून काढा. काट्याने कुस्करलेल्या बलकात गुठळ्या राहतात, त्या सारण भरायच्या पिशवीच्या तोंडाशी अडकतात. आंबटपणाला आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालायचा मोह होईल, पण त्याने सारणाचा रंग मळकट होतो. घालायचंच तर वरून एखादा थेंब, आणि सारणात मीठ कमी.

आता घसरण्याचं. फ्रिजमधून काढलेल्या गार अंड्यावर दमट हवेतली वाफ धरते आणि त्या पाण्यावरून सारण सरकतं. यावर उपाय म्हणजे आधी भरून ठेवायचंच नाही. अर्धी केलेली पांढरी स्वच्छ सुती फडक्यावर पालथी घालून झाकणाच्या डब्यात ठेवा, सारण दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरून तोंड बांधून वेगळं ठेवा. पाहुणे बसले की वाट्या आतून टिपून घ्या, पिशवीचा कोपरा कापा आणि भरा. 24 अंड्यांच्या 48 वाट्यांना दोघांना 10 मिनिटंही लागत नाहीत. चकलीचा सोऱ्या वापरू नका, अर्धं सारण त्यातच अडकून राहतं. प्रत्येक वाटीच्या बुडाचा पातळ काप काढला की ती डुगडुगत नाही. केळीचं पान दिसायला छान, पण त्यावर अंडी घसरगुंडी खेळतात. पानावर बारीक चिरलेल्या कोबीचा थर द्या.

वरून पॅप्रिकाऐवजी बेडगी मिरचीची पूड चालते. मालवणी मसालाही चालेल, पण चाळून आणि चिमूटभरच, नाहीतर लवंग-दालचिनी बलकावर चढते. आमच्या मते खरी मजा सुक्या जवळ्याची: निवडून, कोरडाच मंद आचेवर कुरकुरीत भाजून, गार करून, प्रत्येक वाटीवर 4-5 दाणे. तो शेवटच्या क्षणी घाला, 10 मिनिटांत सादळतो. कोळंबीवर्गाची ॲलर्जी कोणाला आहे का, हे आधी विचारा. निदान एक ताट बिनजवळ्याचं ठेवा.

भरलेली अंडी बाहेर 2 तासांपेक्षा जास्त नकोत, मे महिन्यात पारा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासच. म्हणून एकदम सगळी मांडू नका, 12-12 च्या खेपा काढा. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करून पाहुण्यांना देऊ नका, बाटलीतलंच वापरा. लाइट राहण्याचा भरवसा नसेल तर सारणाची पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवा. न भरलेलं सारण उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पावाला लावून संपवा, त्यापुढे ठेवू नका.